न पळालेली मुनिबा

मुनिबाचा फारसा कुणावर राग नव्हता. राग धरायचा तर समोरचा माणूस आपल्या तोलाचा लागतो, आणि तशी माणसं तिच्या मते सारायेवोत उरलीच नव्हती. तिच्यापाशी होती ती तुच्छता. बरणीतल्या लोणच्यासारखी ती बारा महिने पुरायची आणि आल्यागेल्याच्या पानात मुनिबा ती सढळ हाताने वाढायची.

पहिलं वाढप पर्यटकांना. ह्रास्नो वस्तीतल्या तिच्या इमारतीला दोन जिने आहेत. डाव्या जिन्याच्या लोकांनी वर्गणी काढून भिंतींना बाहेरून जाड अस्तर लावून घेतलं आणि वर पिस्ताबर्फीचा रंग दिला. उजव्या जिन्याची मंडळी आधी अस्तर की आधी लिफ्ट यावर इतकी वर्षं भांडताहेत, की युद्धातल्या गोळ्यांची भोकं त्यांच्या भिंतीवर अजून जशीच्या तशी आहेत. भांडकुदळपणाचं हे स्मारक बघायला गाईड लोक घोळकेच्या घोळके घेऊन येतात, आणि घोळके गंभीर चेहऱ्याने माना हलवतात. मुनिबा उजव्या जिन्यात पहिल्या मजल्यावर राहते. मागे एकदा अर्ध्या चड्डीतल्या एका गृहस्थाने एका भोकात बोट घालून फोटो काढवून घेतला, तेव्हा तिने खिडकी उघडली.

"बोट काढ रे! लोकांच्या घरात बोटं घालू नयेत हे तुझ्या आईनं शिकवलं नाही वाटतं?"

त्याला भाषा कळली नाही. त्याने प्रेमाने हसून तिचाही एक फोटो काढला.

दुसरं वाढप नव्या शहराला. युद्धात शहराला वेढा पडला होता त्या दिवसांत गावात एक अख्खी काच शिल्लक नव्हती, खिडक्यांना मदतीत आलेलं प्लास्टिक ताणून लावलेलं असायचं. आणि आता हॉटेलं काचेची, बँका काचेच्या, बाजारही काचेचे, त्यांत बसून कॉफी पिणारी पोरंसुद्धा काचेचीच. "एवढ्यातून गेले आणि शिकले काय, तर सगळं काचेचं बांधायचं!" मुनिबा म्हणायची. "यांच्या डोक्यात भुसा तरी आहे का, की तोही बाहेरून मागवतात?"

नव्या ट्रामगाड्यांवर तर तिचा विशेष लोभ. निवृत्त होईपर्यंत तिने याच शहरात ट्राम चालवली होती. लढाई चालू असताना गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हाही तीच चालवत होती. मोठ्या रस्त्यावर दोन इमारतींच्या मधली मोकळी जागा आली, म्हणजे डोंगरावरच्या नेमबाजांना गाडी दिसायला लागली, की डोकं खाली घालायचं आणि गाडी पळवायची, एवढंच तेव्हाचं शास्त्र. नव्या गाड्या प्रत्येक थांब्याचं नाव गोड आवाजात पुकारतात. मुनिबाला ते ऐकवत नाही. आपण कुठे आलो हे ज्याला गाडीने सांगावं लागतं त्याने घरीच बसावं, असं तिचं स्पष्ट मत.

पण हे सगळं वरचं वरचं. बरणीच्या तळाशी मुरलेलं लोणचं तिने राखून ठेवलं होतं ते पळालेल्यांसाठी. वेढा पडल्यावर जे गाव सोडून गेले, ते सगळे तिच्या लेखी पळालेले. मग ते पोरांना घेऊन गेलेले असोत, आजारी आईला घेऊन गेलेले असोत, नाहीतर नुसते जीव मुठीत धरून. उन्हाळ्यात ही मंडळी जर्मनी-ऑस्ट्रियाच्या पाट्या लावलेल्या मोटारींतून येतात, कॅफेतल्या सिगारेटच्या धुराने खोकतात, आणि "आमचं सारायेवो राहिलं नाही" म्हणून डोळे पुसतात. मुनिबा समोर असली तर लगेच विचारते, "तुमचं होतं कधी? पाण्याचे डबे वाहिले ते आम्ही. तुम्ही कुठे होता?" या प्रश्नावर कुणाकडेच उत्तर नसतं. म्हणून तो तिचा लाडका प्रश्न.

आणि पळालेल्यांत पहिला नंबर सेन्काचा.

सेन्का समोरच्या दारात राहायची. नाट्यगृहात नटनट्यांचे कपडे शिवायची. मुनिबाचा नवरा एका केस कापणाऱ्या बाईबरोबर ल्युब्लियानाला निघून गेला तेव्हा सेन्काने तिला रडू दिलं नाही, की त्याची उणीदुणीही काढू दिली नाहीत. तिने मुनिबाच्या मापाचा एक लाल कोट शिवला आणि तिला गावभर मिरवून आणली. त्यानंतर रोजची कॉफी एकत्र. वेढा पडला आणि वीज, गॅस, पाणी गेलं तेव्हा दोघींनी मिळून मुनिबाच्या स्वयंपाकघरात पत्र्याची शेगडी मांडली. आधी फळ्या जाळल्या, मग जमिनीची लाकडी फरशी उचकटून जाळली, मग नवऱ्याचे मागे राहिलेले बूट. "आयुष्यात पहिल्यांदाच यानं घरात ऊब आणली," मुनिबा म्हणाली होती, आणि पोटात काही नसताना दोघी पोट धरून हसल्या होत्या.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी मुनिबाने समोरचं दार वाजवलं, पण ते उघडलं नाही. पाण्याच्या रांगेत कुणीतरी सांगितलं की सेन्का पहाटेच्या बसने गेली, बसचा ताफा परवानगी काढून गावाबाहेर, समुद्राकडे सोडला होता, बहिणीकडे स्वीडनला पोचेल. मुनिबाने डबे भरले, घरी आणले. 

गेली याचं तिला तेवढं वाटलं नव्हतं. न सांगता गेली, याचं वाटलं. सख्ख्या बहिणीसारखी वागलेली बाई पाच पावलांवरचं दार न वाजवता जाते, याचा अर्थ काय लावायचा? जाताना माझं दार का वाजवलं नाहीस, एवढं एकच मुनिबाला तिच्याकडून ऐकायचं होतं. सेन्काचं पत्र कधी आलं नाही. मुनिबानेही पत्ता मिळवायची खटपट केली नाही. तीस वर्षांहून जास्त काळ तो प्रश्न पोटात राहिला आणि वरून दिसायची ती नुसती तुच्छता.

या जूनमध्ये तळमजल्यावरचा हिदायेत धापा टाकत तिच्या दारात उभा राहिला. हा निवृत्त पोस्टमन, घरसमितीचा अध्यक्ष, आणि लिफ्ट न दुरुस्त होण्याला निम्मा जबाबदार.

"मुनिबा, बसली आहेस ना?"

"नाही, हवेत तरंगते आहे. बोल लवकर, भाजी जळेल."

"सेन्का आली आहे."

"कोण सेन्का?"

"घ्या! कोण सेन्का म्हणे. तिच्या नावानं रोज बोटं मोडतेस, तिचे कान स्वीडनमध्ये लाल झाले असतील." हिदायेतने चौकटीला टेकून दम घेतला. "हॉटेलात उतरली आहे. काल खाली आली होती, जिन्याच्या दाराचा फोटो काढला. परवा कॉफीच्या वेळेला तुझ्याकडे यायचं म्हणते. मला विचारत होती, मुनिबा घरात घेईल का?"

"मग? काय तारे तोडलेस?"

"म्हटलं, घेईल. बाहेर कशी काढेल ते मात्र सांगता येत नाही."

"बरोबर सांगितलंस," मुनिबा म्हणाली. "आयुष्यात एकदा तरी."

बाहेर कशी काढायची हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पाहुण्याला 'ऊठ आता' असं तोंडाने म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यासाठी कॉफी आहे. पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची. या दोन्ही वेळा कॉफी उकळायची तांब्याची, लांब दांड्याची जेझ्वा फेसासकट तबकात येते, पाहुणा आणि यजमान आपापल्या कपात ओतून घेतात आणि बसतात. तिसरी ती सिक्तेरुशा. ती आतूनच ओतून आणलेली असते, एकच कप, तोही अर्धा, आणि बरोबर जेझ्वा नसते. तिचा अर्थ, या आता. पाहुणा ती मुकाट्याने संपवतो, 'छान झाली होती' म्हणतो आणि दारातले बूट शोधायला लागतो. मुनिबाने ठरवलं की सेन्काला पहिली नाही, दुसरी नाही, थेट तिसरीच. दार का वाजवलं नाहीस हेसुद्धा विचारायचं नाही. विचारलं की तिला कळणार, इतकी वर्षं ते आपल्याला खुपत होतं. तेवढं सुख त्या बाईला का द्यायचं?

पण परवापर्यंत कळ निघेना. दुसऱ्या दिवशी मुनिबा बोलणाऱ्या ट्राममध्ये बसून जुन्या बाजारात गेली. हिदायेतकडून कळलं होतं की सेन्काने वेढ्याची फेरी घेतली आहे. म्हणजे गाईडच्या मागे मागे हिंडायचं आणि युद्ध कसं होतं ते ऐकायचं. स्वतःच्या उपासमारीची गोष्ट ऐकायला तिकीट काढणारी बाई बघायला मिळतेय, तर मुनिबा ती संधी थोडीच सोडणार होती.

घोळका चौकात सापडला. सगळ्यांच्या छातीवर पिवळी गोल चिकटपट्टी, बाजारातल्या खरबुजांना लावतात तशी. गाईड होती इल्मा, डाव्या जिन्यातल्या दातांच्या डॉक्टरची मुलगी, जन्मली तेव्हा युद्ध संपून जमाना झालेला. आणि मागच्या रांगेत सेन्का. पांढरे आखूड केस, डोंगर चढायचे बूट, पाठीला पिशवी, पिशवीला पाण्याची बाटली. मुनिबाची नजर त्या बाटलीवरून हटेना. अख्खं गाव डबे घेऊन गोळ्यांतून पळत होतं तेव्हा ही नव्हती, आणि आता चहूकडे नळ वाहताहेत तर बाई पाणी पाठीला बांधून हिंडताहेत!

फुटपाथवर तोफगोळा पडून झालेल्या खळग्यांत जिथे माणसं मेली तिथे लाल राळ ओतून ठेवलेली आहे. इल्मा तिथे थांबली. आईस्क्रीम चाटणारे चाटायचे थांबले.

"लोक डाळ भाजून तिची कॉफी करायचे," इल्मा सांगत होती. "फर्निचर जाळायचे."

"मग ते गाव सोडून का नाही गेले?" घोळक्यातल्या एका बाईने विचारलं.

"अभिमान!" इल्मा तोंडपाठ म्हणाली. "जाता येत होतं, तरी खरे सारायेवोकर गेले नाहीत."

सेन्का आपल्या बुटांकडे बघत राहिली. खांबाआड उभ्या असलेल्या मुनिबाला त्या क्षणी इल्माचा पापा घ्यावासा वाटला. दातवाल्याच्या पोरीने आजवरचं पहिलं शहाणं वाक्य उच्चारलं होतं. इतक्यात इल्माने तिला पाहिलं आणि हात हलवला, "आजी, तुम्ही इकडे?" तशी मुनिबा पावाच्या दुकानात शिरली आणि गरज नसताना एक पाव घेऊन बाहेर पडली.

ठरल्या दिवशी घंटी वाजली. मुनिबाने मुद्दाम जरा वेळ जाऊ दिला, मगच दार उघडलं. दोघींनी गालाला गाल लावला नाही. सेन्काने बूट काढले. मुनिबाने घरातल्या सपाता पुढे सरकवल्या नाहीत. सेन्का मोज्यांवर आत आली, आणि रिवाजाप्रमाणे पिशवीतून कॉफीचा पुडा, साखरेच्या वड्या आणि चॉकलेट काढून टेबलावर ठेवलं.

"स्वीडनची कॉफी?" मुनिबा म्हणाली. "आमच्याकडची मेली वाटतं?"

"इथलीच आहे. कोपऱ्यावर घेतली."

मुनिबाचा पहिला वार वाया गेला. दुसराही गेला, कारण ती ज्या मोडक्यातोडक्या बोलण्याची वाट बघत होती ते आलंच नाही. सेन्का अगदी जुन्यासारखी बोलत होती. इतकी जुन्यासारखी, की तिच्या तोंडात असे शब्द होते जे गावात आता कुणी वापरत नाही. नावं ठेवायला जागाच नाही म्हटल्यावर मुनिबा जास्तच चिडली.

"भिंत तशीच ठेवलीत," सेन्का म्हणाली.

"तुमच्यासाठी. तुम्ही लांबून लांबून बघायला येता, नाराज नको व्हायला."

"मी भिंत बघायला नाही आले, मुनिबा."

"हो ना. फेरी घेतलीस म्हणे. काय शिकवलं इल्मानं? भूक कशी लागते ते सांगितलं का?"

 सेन्काने खोलीभर नजर फिरवली; शेगडी होती त्या कोपऱ्यात आता टीव्ही होता. "तू बदलली नाहीस," ती म्हणाली.

"आम्ही इथेच होतो ना. बदलायला कुठे गेलो?"

मुनिबा आत गेली, कॉफी केली, ती थोडी निवू दिली, एका कपात अर्धी ओतली आणि एकटा कप तबकात ठेवून बाहेर आणला. जेझ्वा आतच ठेवली.

सेन्काने कपाकडे पाहिलं. मग मुनिबाकडे. स्वीडनच्या इतक्या हिवाळ्यांनी तिचं काहीही पुसलं असेल, पण हे पुसलेलं नव्हतं. तिने कप उचलला, एका दमात रिकामा केला, आणि उठली.

"छान झाली होती," ती म्हणाली.

मुनिबाने इतक्या वर्षांत जेवढ्या वेळा हा प्रसंग मनात रंगवला होता, तेवढ्या वेळा तिला इथे फार बरं वाटलं होतं. आता तसं काही वाटलं नाही. सेन्का दारापाशी स्टुलावर बसून बूट चढवायला लागली. एक बूट पायात गेला, दुसरा हातात राहिला.

"एक सांगते आणि जाते," ती खाली बघतच म्हणाली. "लोक माणसाला एकदा हाकलतात. तू मला दोनदा हाकललंस."

"दोनदा? पहिल्यांदा कधी ग? जाता जाता थापा सुरू!"

"विसरलीस? बरोबर आहे, हाकलणाऱ्याला कुठलं आठवायला." सेन्काचा आवाज चढला. "मी गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी. इथे येऊन बसले. तोंड उघडणार, तेवढ्यात तू उठलीस आणि अर्धा कप ओतून आणून माझ्यापुढे ठेवलास. जेझ्वा नाही. तुझा कप नाही. वर म्हणालीस, पी लवकर. मी म्हटलं, झालं. हिला कंटाळा आला. स्वतःच्या जिवाचे हाल, त्यात मी रोज शेगडीशी येऊन बसते. चवीकडे लक्ष कुठलं, एका दमात प्यायले आणि गेले."

 मुनिबाच्या तोंडून जे बाहेर पडलं ते जिन्यात खालपर्यंत ऐकू गेलं.

"गाढवे! अगं गाढवे! ती खरी कॉफी होती!"

"काय?"

"डाळीची नव्हती. खरी. आईच्या साखरेच्या डब्यात चिमूटभर लपवून ठेवली होती, बैरामाच्या सणासाठी. तू आदल्या दिवशी पाण्याच्या रांगेत चक्कर येऊन पडलीस, ओठ पांढरेफटक झाले होते तुझे. म्हटलं, कसला बैराम, हिच्या पोटात जाऊ दे. अर्धा कपच झाली, आणखी कुठून आणणार? लवकर पी म्हटलं, कारण गरम होती तोवर वास तरी लागला असता."

"मग जेझ्वा का नाही आणलीस बाहेर?"

"आणली असती तर तुला दिसलं असतं की आत माझ्यासाठी काही नाही. तू आपल्यातली निम्मी मला ओतली असतीस. ओतली असतीस की नाही?"

सेन्काने मान डोलावली.

"तू गेल्यावर मी जेझ्वा विसळून ते पाणी प्यायले," मुनिबा म्हणाली. "आणि इथे बाई रुसून बसल्या. एका कपावरून! सकाळी एवढं दार वाजवायचं होतंस, शिव्या द्यायच्या होत्यास."

"आले होते दारापर्यंत. पहाटे. हात वर केला होता." सेन्काने हातातला बूट खाली ठेवला. "मग वाटलं, जिनं काल हाकललं तिच्या दारात आज पुन्हा काय म्हणून उभं राहायचं?"

मुनिबाला यावर खूप काही बोलायचं होतं, पण त्या जागी तिनेही नेमकं तेच केलं असतं. या गावात जीव गेला तरी चालतो, पण सिक्तेरुशा प्यायल्यावर त्या दारात पुन्हा कुणी जात नाही. दोघी एकाच मातीच्या, एकसारख्याच मूर्ख. तिला सेन्काचा तिटकारा आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि ती समोरच्या बुटांच्या पेटीवर बसली.

"निरोप घ्यायला आली होतीस ना त्या संध्याकाळी?" तिने विचारलं. "सांगून टाकायचंस, कप गेला खड्ड्यात."

"निरोप कसला घेते." सेन्काने डोळे पुसले. "बसमध्ये दोन जागा मिळाल्या होत्या. माझ्या बहिणीनं स्वीडनहून कुणाकुणाचे पाय धरून एक माझ्या नावाची घेतली होती, एक तुझ्या. तुला न्यायला आले होते."

"माझ्या नावाची?"

"मुनिबा चेलिक."

जिन्यात कुणीतरी वर येत होतं. हिदायेत असणार, कान देऊन. मुनिबाने दार लोटून दिलं.

"मग त्या जागेवर कोण बसलं?"

"कुणी नाही. आयत्या वेळी कुणाला विचारणार? माझी पिशवी ठेवली होती, थेट समुद्रापर्यंत."

मुनिबा पेटीवर बसून राहिली. ट्राम, पाण्याचे डबे, उन्हाळ्यात येणाऱ्या मोटारी आणि त्यांना विचारायचा तो लाडका प्रश्न, सगळ्याच्या खाली एकच गोष्ट भक्कम होती: आपण पळालो नाही. इतरांना वाट दिसली आणि ते गेले, आपण मात्र राहिलो. आणि आता कळत होतं की तिला वाट कुणी दाखवलीच नव्हती. दाखवायला आलेली बाई तिने स्वतःच्या हाताने, बैरामाची कॉफी पाजून, परत पाठवली होती.

"मुनिबा," सेन्काने हळूच विचारलं, "सांगितलं असतं, तर आली असतीस?"

नाही म्हणणं सोपं होतं. बाजारातल्या चौकात इल्माने 'अभिमान' हा शब्दसुद्धा तयार करून ठेवला होता. मुनिबाने टीव्हीच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग सेन्काच्या एका पायातल्या बुटाकडे.

"आले असते की," ती म्हणाली. "तुझ्या आधी जाऊन खिडकीची जागा धरली असती."